हाल्लाच्या मुली

"ही हस्की आहेत?" अभिराम देवस्थळींनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं.

मी हो म्हटलं.

"ही तर आपल्याकडच्या गावातल्या कुत्र्यांसारखी दिसतात."

बेचाळीस कुत्री आपापल्या साखळीच्या टोकाशी उभी राहून त्यांच्यावर भुंकत होती. बारीक कमरेची, लांब पायांची, कुणी मातकट, कुणी काळपट, कुणाचा एक कान उभा तर दुसरा पडलेला. ही बर्फावरची घसरगाडी, स्लेज, ओढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेली कुत्री होती, सोफ्यावर बसवून फोटो काढण्यासाठी नव्हेत. पुण्याहून निघताना देवस्थळींनी कॅलेंडरवरची केसाळ, निळ्या डोळ्यांची कुत्री मनात धरली असणार. तसा आमच्याकडे एकच होता. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "हा. हा लीडर असणार."

"तो पिलवी," मी म्हटलं. "त्याला आम्ही मागे जुंपतो. ओढायचा कंटाळा आहे त्याला."

"ते कॅमेऱ्यात कळत नाही," देवस्थळी म्हणाले आणि त्यांनी मागे वळून कॅमेरावाल्या किरकिऱ्यांना हात केला. किरकिरे पन्नाशीचे, ठाण्याचे. आयुष्यभर लग्नांचं शूटिंग केलेला माणूस. ते चिखलात बूट अडकवून उभे होते आणि थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. फिनलंडच्या उत्तरेला, सर्वांत जवळच्या शहरापासून नव्वद किलोमीटरवर, आइला नावाच्या चौसष्ट वर्षांच्या बाईचं हे कुत्र्यांचं ठाणं होतं. मी तिथे दीड वर्ष काम करत होते. मी मूळची जयसिंगपूरची, शर्मिष्ठा खोत, पशुवैद्य. नवऱ्याबरोबर फिनलंडला आले, दोन वर्षांत नवरा सुटला आणि माझी पदवी तिथे चालत नाही हेही कळलं. परत जायची लाज वाटत होती. सासरी मला 'ढोरांची डॉक्टर' म्हणायचे, माहेरी आता काय म्हणतील ते ऐकायची तयारी नव्हती. म्हणून उत्तरेला येऊन कुत्र्यांची घाण काढायला लागले. आइलाला माझं नाव उच्चारता येत नव्हतं. ती मला सरळ 'डॉक्टर' म्हणायची, आणि त्यात जराही थट्टा नव्हती.

देवस्थळी पुण्यात कंपन्यांमधल्या लोकांना नेतृत्व शिकवत. स्वतः कुणाचं नेतृत्व केलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजवरून तीनशे किलोमीटर जायचं, त्याची फिल्म करायची, आणि असं करणारा पहिला मराठी माणूस व्हायचं, असा त्यांचा बेत होता. आइलाने त्यांना आधी शरद ऋतूत सहा आठवडे सरावाला या म्हणून कळवलं होतं. ते नऊ दिवसांसाठी आले.

"नऊ दिवस पुरे आहेत," आइला मला म्हणाली. "हिवाळ्यात न्यायचा की नाही, तेवढं कळेल."

सप्टेंबरात तिथे बर्फ नसतो. बर्चची पानं पिवळी होतात, जमिनीलगतची झुडपं लाल होतात आणि वाटा चिखलाने भरतात. उन्हाळाभर आराम केलेल्या कुत्र्यांना तेव्हापासून पुन्हा ओढायची सवय लावायची असते. स्लेजच्या जागी चार जाड चाकांची मोटरगाडी असते, क्वाड म्हणतात तिला. इंजिन गिअरमध्ये टाकून गाडी जड करायची, पुढे लांब दोराला कुत्री जोडीजोडीने जुंपायची आणि त्यांना ओढू द्यायचं. आधी चार किलोमीटर, मग सहा, मग दहा. हे काम पहाटे करायचं, कारण या कुत्र्यांना थंडी कधीच मारत नाही, उष्णता मारते. घाम येत नाही त्यांना. ओढणाऱ्या कुत्र्याच्या अंगात भट्टी पेटलेली असते आणि ती विझवायला नुसती जीभ. शिवाय पळायचं वेड इतकं, की कुठे थांबावं हे त्यांना कळत नाही. ते माणसाला कळावं लागतं. आइलाचा नियम एकच होता. दहा अंशांच्या वर कुत्री जुंपायची नाहीत.

"दहा अंश?" देवस्थळी हसले. "पुण्यात सोळाला लोक कानटोप्या घालतात."

पहिले पाच दिवस मी त्यांना पाहत होते. कधी इतकी करमणूक झाली नव्हती आणि कधी इतकी किळसही आली नव्हती. पहाटे सहाला कुत्री जुंपायची असत, हे साडेआठला दात घासत बाहेर येत. एकाही कुत्र्याचं नाव त्यांनी पाठ केलं नाही. कॅमेरा सुरू झाला की मात्र गुडघ्यावर बसून, हाती लागेल त्या कुत्र्याच्या मानेत हात टाकून म्हणत, "हे माझे योद्धे आहेत. यांच्याकडून मी विश्वास शिकलो." कॅमेरा बंद झाला की हात पँटला पुसत. क्वाडला मागे एक भगवं निशाण त्यांनी स्वतः बांधलं होतं, ते झुडपांत अडकायचं. चढावर "चला रे माझ्या वाघांनो" असं मराठीत ओरडायचे, आणि कुत्री गोंधळून मागे वळून बघायची, कारण त्या ओरडण्यात त्यांना कळण्यासारखं काहीच नसायचं. तिसऱ्या दिवशी वळणावर स्वतःच घसरून खाली पडले. तो भाग काढून टाका म्हणून त्यांनी किरकिऱ्यांना दोनदा बजावलं.

आइला त्यांच्यावर कधी रागावली नाही. ती त्यांच्याकडे बघायचीच नाही. तिचं लक्ष हाल्लावर असायचं.

हाल्ला म्हणजे त्यांच्या भाषेत अवेळी पडून पीक जाळणारं दंव. सात वर्षांची, करड्या रंगाची, अंगाने लहान कुत्री. गेली पाच वर्षं ती सर्वांत पुढे धावत होती. कुठे बर्फाखाली पाणी आहे हे तिला माणसाआधी कळायचं. आइलाच्या पहिल्या कुत्रीपासून तीस वर्षं चालत आलेला तो वंश, आणि त्यात हाल्ला सर्वांत चांगली निघाली असं आइला म्हणायची. तिच्या तीन मुलीही ठाण्यावर होत्या. सुमु, कास्ते आणि उस्वा. धुकं, दव आणि विरळ धुकं. कास्तेची पिल्लं येत्या वसंतात घ्यायची ठरलं होतं.

त्या वर्षी आइलाने मला एक गोष्ट कबूल केली होती. हिवाळ्यात सहा कुत्री माझी असणार होती. माझी स्वतःची टीम, मी चालवायची, पुढे हाल्ला. दीड वर्ष घाण काढल्यावर ते ऐकून मी त्या दिवशी गोठलेलं मांस कुऱ्हाडीने फोडता फोडता गाणं म्हटलं होतं.

सहाव्या दिवशी आइलाला डोळ्याच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जायचं होतं. शेजाऱ्याच्या गाडीत बसता बसता ती म्हणाली, "संध्याकाळी पाचपर्यंत येते. पहाटेची फेरी झाली की आज काही नाही. ऊन पडणार आहे."

"दहाच्या वर नाही," मी म्हटलं.

"तुला सांगायला नको," ती म्हणाली आणि गेली.

पहाटे धुकं होतं. मी दुसरी आठ कुत्री घेऊन फेरी मारून आले. हाल्लाची टीम देवस्थळींसाठी ठेवली होती. ते उठले नाहीत. बाराच्या सुमाराला धुकं विरलं आणि सगळं जंगल सोन्यासारखं पिवळं झालं. तेव्हा देवस्थळी झकपक लाल जॅकेट घालून बाहेर आले.

"शर्मिष्ठा, अगं असा उजेड परत मिळणार नाही. किरकिरे म्हणतात पहाटेचं सगळं राखाडी येतं."

"पंधरा अंश आहेत सर. नाही जमणार."

"लांब नाही म्हणत मी. त्या टेकडीपर्यंत. एक चढ, एक शॉट, संपलं."

"आइलाचा नियम आहे."

"आइला शेतकरीण आहे. तू डॉक्टर आहेस." ते माझ्याजवळ आले. "खरं सांगू? गेले पाच दिवस मला एक गोष्ट खटकतेय. या फिल्ममध्ये मी आहे, कुत्री आहेत, ती म्हातारी आहे. आणि तू कुठेच नाहीस. जयसिंगपूरची मुलगी, इथे जगाच्या टोकाला कुत्र्यांवर उपचार करते. हे लोकांना दिसायला नको? तुझ्या घरच्यांना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस लोकांना हवं ते बोलण्यात किती तरबेज आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. ज्या दुकानात तो रोज हाच माल विकत असेल ते दुकान मला दिसत होतं. मनातल्या मनात मी त्याला हसले.

मग मी म्हटलं, "एकच चढ. ओढ्यापाशी पाणी पाजायचं. मी मागे बसणार."

आणि आत जाऊन केस विंचरून आले.

पुढच्या जोडीत हाल्लाशेजारी पिलवीला लावायचा त्यांचा हट्ट मी ऐकला. पिलवीने पुढे राहून काहीच ओढलं नाही, तो नुसता शेजारून धावला. त्याच्या वाटणीचंही हाल्लाने ओढलं. तीन किलोमीटरवर ओढा होता, त्याच्यापलीकडे टेकडीचा चढ. कुत्र्यांना पाणी पाजलं. किरकिरे वर जाऊन उभे राहिले. देवस्थळींनी एकदा गाडी चढवली, तर निशाण फांदीत अडकून फाटलं. खाली येऊन पुन्हा चढवली. मग परत खाली येऊन तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळी अर्ध्या चढावर मला हाल्लाची जीभ दिसली. ती रुंद, चमच्यासारखी वळलेली आणि गडद लाल झाली होती. मी "थांबवा" म्हटलं. देवस्थळींना इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. मी पुढे वाकून स्वतः ब्रेक दाबला, तोवर हाल्लाचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. ती दारू प्यायल्यासारखी दोन पावलं आडवी गेली, उभी राहायचा प्रयत्न केला आणि पडली. पडल्यावरही तिचे पाय धावत होते.

मी तिला दोरातून सोडवून उचललं आणि ओढ्याकडे पळाले. बावीस किलोचं कुत्रं. अंग इतकं तापलेलं की जॅकेटमधून मला चटका बसत होता. ओढ्यात बसून मी तिच्या पोटावर, जांघांत पाणी ओतत राहिले. किरकिरे वरून धडपडत आले आणि बुटांसकट पाण्यात उतरले. काही न विचारता त्यांनी तिचं डोकं पाण्याच्या वर धरलं.

देवस्थळी काठावर उभे होते. "किरकिरे, हे घ्या ना," ते हळू आवाजात म्हणाले. "हा खरा क्षण आहे."

"कॅमेरा गाडीवर ठेवलाय सर," किरकिरे वर न बघता म्हणाले. "तुम्ही घ्या."

आणि त्यांनी घेतला. मी मान वर केली तेव्हा कॅमेऱ्याची काच आमच्याकडे रोखलेली होती.

बाकीच्या सात कुत्र्यांना ओढ्याकाठी सावलीत बांधलं आणि किरकिऱ्यांना त्यांच्यापाशी ठेवलं. हाल्लाला मांडीवर घेऊन मी देवस्थळींच्या मागे क्वाडवर बसून ठाण्यावर परतले. ताप उतरला होता, पण आत जे शिजायचं ते शिजलं होतं. तिला रक्ताची उलटी झाली. शिरेतून पाणी चढवलं. चारच्या सुमाराला, कुत्र्यांचं जेवण शिजवायच्या खोलीत, फरशीवर ती गेली.

मागे देवस्थळी दारात उभे होते. "हार्ट," ते म्हणाले.

मी वळले.

"हार्ट अटॅक असणार. सात वर्षं म्हणजे वय झालंच की. तू डॉक्टर आहेस, तू म्हणालीस तर ती मानेल. सकाळी धावून आली, दुपारी पडली. कुणाचाच दोष नाही."

एखाद्या माणसाचा इतका तिरस्कार मी त्याआधी कधी केला नव्हता. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही इथून बाहेर जा." ते गेले. मी ओढ्यावरून बाकीची कुत्री आणि किरकिऱ्यांना परत आणलं आणि हाल्लाला पुसून कोरडं केलं. ओल्या कुत्र्यावर प्रश्न आले असते.

पाचला आइला आली. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. हाल्ला तिला भेटायला धावून आली नाही, तेव्हाच तिला कळलं असावं. ती आत येऊन गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ हाल्लाच्या कानांच्या मागे खाजवत राहिली, जिवंत असताना खाजवायची तसं.

"काय झालं, डॉक्टर?"

"हृदय," मी म्हटलं. "पहाटे धावून आली. ठीक होती. दुपारी अचानक पडली."

"त्रास झाला?"

"फारसा नाही."

"उघडून बघायला शहरात पाठवू?"

"गरज नाही. स्पष्ट होतं."

आइलाने मान हलवली. "तू होतीस जवळ. बरं झालं," ती म्हणाली.

तीन दिवसांनी देवस्थळी गेले. हिवाळ्यात येऊ नका, असं आइलाने त्यांना जेवताना सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "नऊ दिवसांत तुम्ही एकदाही आधी कुत्र्यांना पाणी देऊन मग स्वतः प्यायला नाहीत." मला त्याचा आनंद झाला. आपलं पारडं किती जड आहे असं वाटलं. विमानतळावर सामान उतरवून झाल्यावर देवस्थळी आत गेले. किरकिरे मागे रेंगाळले. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण आइला आली तेव्हा ते दाराशीच होते, आणि मी तिला काय सांगितलं ते त्यांना समजलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यांचं मी धरतच नाही. तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

त्यांनी मला नमस्कार केला आणि बॅग खांद्याला लावून गेले.

देवस्थळींनी त्या नऊ दिवसांचीच फिल्म केली. बहिणीने मला एकदा ती पाठवली होती. शेवटच्या श्वासापर्यंत धावणारी नेता, म्हणून हाल्ला त्यात आहे. ओढ्यातलं दृश्य आहे. शेवटी त्यांच्या व्याख्यानाला आलेले लोक टाळ्या वाजवताना आणि डोळे पुसताना दिसतात. माझा उल्लेख फार आदराने केलाय. जगात भामटे असतात आणि त्यांचं बरं चालतं, एवढाच याचा अर्थ. त्यात मला सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते पुढे, ते गेल्यानंतरच्या आठवड्यात घडलं.

आइला संध्याकाळी टेबलावर एक जुनी वही उघडून बसायची. तिच्या सगळ्या कुत्र्यांची आई-बाप-मुलं त्यात लिहिलेली होती. एका डोळ्याने, नाकाला वही लावून वाचायची. चौथ्या दिवशी तिने मला बोलावलं.

"हे बघ. हाल्लाची आई नऊ वर्षांची असताना झोपेत गेली. तिची आई दहाव्या वर्षी. तेव्हा मला वाटलं, वय." तिने वही मिटली. "वय नव्हतं. हृदयच. मी तीस वर्षं ते पुढे देत आले."

मी काय ऐकतेय ते समजायला मला वेळ लागला.

"तसं खात्रीने सांगता येत नाही," मी म्हटलं. "मुलींची तपासणी करून घेऊ."

"हाल्लाचीही केली होती. मे महिन्यात. तूच कान लावला होतास. काही नाही म्हणालीस, आणि खरंच काही ऐकू येण्यासारखं नसेल. मग तपासून काय कळणार?" ती उठली. "गुरुवारी तिन्ही मुलींना शहरात नेऊ. पिल्लं होणार नाहीत असं करून टाकायचं. टीममधूनही काढू. चांगली घरं शोधू त्यांना. माझ्या दोरात आणखी एक पडलेली मला बघायची नाही."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. हिवाळा सहा आठवड्यांवर आला होता. हाल्ला नसली तरी सहा कुत्री माझीच राहणार होती, तसं आइलाने आदल्याच दिवशी पुन्हा सांगितलं होतं. बुधवारपर्यंत काही ना काही मार्ग निघेल असं मी स्वतःला सांगितलं. बुधवार आला आणि गेला.

गुरुवारी गाडी मी चालवली, आइलाचा डोळा अजून बांधलेला होता. शहरातल्या पशुवैद्याकडे त्या दिवशी हाताखाली माणूस नव्हता. मी त्याच शिक्षणाची आहे हे आइलाने त्याला अभिमानाने सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग या की मदतीला." दीड वर्षानंतर मी पुन्हा हिरवा अंगरखा घातला.

आधी सुमु. मी तिच्या पोटावरचे केस काढले, पाय बांधले. त्याने पोट उघडून गर्भाशय बाहेर काढलं, गुलाबी, निरोगी, आणि ट्रेमध्ये ठेवलं. मी टाके घालायला धागा दिला. मग कास्ते. जिची पिल्लं येत्या वसंतात व्हायची होती ती. तेही निरोगी. त्याने ते बघून सहज विचारलं, "आई हृदयाने गेली म्हणता? विचित्र आहे. या जातीत मी तर पाहिलं नाही." मी धागा पुढे केला. माझे हात बिनचूक चालले होते. मला माझं काम येत होतं.

उस्वाला टेबलावर घेतलं. सगळ्यांत लहान, दोन वर्षांची. भुलीची सुई देण्यासाठी तिचा पुढचा पाय मी धरला. तिने माझ्या मनगटाला जीभ लावली. तिला वाटलं, मी ओढायचा पट्टा, हार्नेस, चढवतेय.

"थांबा," मी म्हटलं.

आइला बाहेर बाकावर बसली होती. मी अंगरखा न काढताच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पंधरा अंश. पिलवी पुढे. ओढा. रक्ताची उलटी. पुसून कोरडं केलं ते. ती माझ्याकडे उघड्या डोळ्याने बघत ऐकत राहिली.

"एक चढ म्हणालीस ना. मग गाडी तीनदा का चढवली?"

"पहिल्यांदा निशाण अडकलं."

"आणि नंतर?"

"नंतर... चढ चढताना मागे बसून मी कॅमेऱ्याकडे बघून दोन वाक्यं बोलायची होती. मी कोण, कुठली. दुसऱ्यांदा मी चुकले. तिसऱ्यांदा माझ्यासाठी चढवली."

आतून सुमुच्या जागं होताना कण्हण्याचा आवाज येत होता.

"तो माणूस कसा आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आइला म्हणाली. "म्हणून तर कुत्री मी त्याच्या हवाली केली नव्हती. तुझ्या केली होती."

परतीचे नव्वद किलोमीटर मलाच गाडी चालवावी लागली. मागे दोघी गुंगीत पडल्या होत्या. उस्वाला आइलाने पुढे स्वतःच्या पायांशी घेतलं होतं. ती मला ओरडली असती, गाडी थांबवून उतरवलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तिने एकदाच तोंड उघडलं, उद्याची बस नऊला आहे हे सांगायला. मी हो म्हटलं.

ठाण्यावर पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आमची गाडी बघून सगळी कुत्री साखळ्यांवर उड्या मारायला लागली. मी सवयीने खोलीत जाऊन कुऱ्हाड घेतली आणि गोठलेल्या मांसाच्या ठोकळ्यावर उचलली. आइलाने मागून येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्यापासून मलाच करायचंय."